डच बोलताना क्रियापदाची जागा पुन्हा पुन्हा चुकते? वाक्य आधी मराठीत रचा

नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या आणि नेटाने डच वर्गाला जाणाऱ्या मराठी मंडळींची एक तक्रार काही केल्या सुटत नाही. शब्द पाठ असतात, समोरचा काय म्हणतो ते बरंचसं कळतं, नामाआधी लागणाऱ्या 'द' आणि 'हेत' या उपपदांतही फार गोंधळ राहिलेला नसतो. पण स्वतः बोलायला लागलं की क्रियापद भलत्याच जागी पडतं. वर्गात दुरुस्ती होते आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक परत येते. लेखनाच्या वहीतही लाल खुणा नेमक्या तिथेच.

इतकी चिवट चूक सहसा एकाच मुळातून येते आणि इथेही तसंच आहे. आपले बहुतेक सगळे डच धडे इंग्रजीतून असतात: पुस्तक इंग्रजीतून समजावतं, ॲप इंग्रजी वाक्य देऊन डच वाक्य मागतं, ऑफिसात दिवसभर इंग्रजीच चालते. त्यामुळे डच वाक्य तयार होतं ते इंग्रजी वाक्याच्या सांगाड्यावर. आपण मराठी आहोत ही यात केवढी जमेची बाजू आहे, हे मात्र कोणी सांगत नाही. या लेखात तेच सांगायचं आहे.

एक खुलासा आधी करतो. डच वाक्यं इथे देवनागरीत लिहिली आहेत. त्यांचा 'ग' घशातून घासत येतो, म्हणून तिथे 'ख' लिहिलाय. शब्दाच्या शेवटचा 'अन' बोलताना बऱ्याचदा नुसता 'अ' होतो. उच्चार जवळपासचे समजा. इथे लक्ष क्रमाकडे द्यायचं आहे.

आधी चुका ओळखा

खालची पाचही वाक्यं चुकीची आहेत. यातली किती तुमच्या तोंडून जातात ते बघा.

मॉर्खन इक खा नार युत्रेख्त. (उद्या मी युत्रेख्तला जाते.)
आल्स हेत रेखन्त, इक ब्लेइफ ताउस. (पाऊस पडला तर मी घरी थांबते.)
इक आल्तेइत द्रिंक कॉफी. (मी नेहमी कॉफी पिते.)
ऑमदात हेइ हेफ्त कोर्त्स. (कारण त्याला ताप आहे.)
इक हेप खलेझन अन बूक. (मी एक पुस्तक वाचलंय.)

पाचही वाक्यं इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवून बघा. क्रम तंतोतंत जुळेल. म्हणजे या पाच वेगळ्या चुका नाहीत. इंग्रजीत कर्त्याच्या मागोमाग क्रियापद येतं आणि कर्म त्याच्या पुढे. वाक्याच्या सुरुवातीला 'उद्या' लावा, 'पाऊस पडला तर' लावा, इंग्रजीचा हा क्रम हलत नाही. डचचा क्रम हलतो, आणि तो का हलतो हे समजल्याशिवाय नियमांची यादी पाठ करून फारसा फायदा होत नाही.

क्रियापदाचं मूळ ठिकाण वाक्याच्या शेवटी

1975 साली यान कोस्तर या डच भाषाशास्त्रज्ञाने मांडलं की डच भाषेत क्रियापदाची मूळ जागा वाक्याच्या शेवटी आहे. मुख्य वाक्यात ते दुसऱ्या जागी दिसतं, कारण तिथे ते शेवटून उचलून आणलेलं असतं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे विचित्र वाटतं. मराठी माणसाला वाटायचं काहीच कारण नाही.

हे वाक्य घ्या: मी उद्या ट्रेनने युत्रेख्तला जाते. आता प्रत्येक शब्दाच्या जागी डच शब्द ठेवा, क्रम मुळीच बदलू नका:

इक मॉर्खन मेत द त्रेइन नार युत्रेख्त खा.

यापुढे 'ऑमदात', म्हणजे 'कारण', लावा: ऑमदात इक मॉर्खन मेत द त्रेइन नार युत्रेख्त खा. हे पूर्णपणे बरोबर, शुद्ध डच आहे. इंग्रजी भाषक ज्या गौण वाक्यापुढे महिनोन्‌महिने अडखळतात ते मराठीत विचार करणाऱ्याला जवळपास आयतं मिळतं. आधी वेळ, मग रीत, मग ठिकाण, शेवटी क्रियापद. डच शिक्षक हा क्रम फळ्यावर लिहून पाठ करायला लावतात, कारण इंग्रजीत ठिकाण आधी आणि वेळ नंतर येते. आपण 'मी युत्रेख्तला ट्रेनने उद्या जाते' असं सहज म्हणत नाही. तो क्रम आपल्या कानात आधीपासूनच आहे.

मुख्य वाक्य हवं असेल तर एकच गोष्ट करायची. शेवटचं क्रियापद उचलायचं आणि पहिल्या घटकानंतर ठेवायचं:

इक खा मॉर्खन मेत द त्रेइन नार युत्रेख्त.

बाकी कशालाही हात लावायचा नाही. वेळ, रीत आणि ठिकाण आपापल्या जागी बसून राहतात.

सगळी दुरुस्ती या दोन पायऱ्यांत आहे. मराठी क्रमाने वाक्य मांडा. मुख्य वाक्य असेल तर कर्त्याप्रमाणे चालणारं क्रियापद दुसऱ्या जागी आणा. गौण वाक्य असेल तर जिथे आहे तिथेच राहू द्या. यापुढे जे लिहिलंय ते या पायऱ्या नेमक्या कुठे अडतात त्याबद्दल.

'दुसरी जागा' म्हणजे दुसरा शब्द नव्हे

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू या.

क्रियापदाच्या आधी एक घटक बसतो, मग तो एका शब्दाचा असो की दहा शब्दांचा. 'मॉर्खन' हा एक घटक. 'मॉर्खन ऑम नेखन यूर', म्हणजे उद्या नऊ वाजता, हाही एकच घटक, कारण दोन्ही मिळून एकच वेळ सांगतात. आणि 'पाऊस पडला तर' हे अख्खं गौण वाक्यसुद्धा एकच घटक. म्हणून:

मॉर्खन खा इक नार युत्रेख्त.
मॉर्खन ऑम नेखन यूर हेप इक अन आफस्प्राक. (उद्या नऊ वाजता माझी भेट ठरलीय.)
आल्स हेत रेखन्त, ब्लेइफ इक ताउस.

तिन्ही वाक्यांत पहिली जागा भरलेली आहे, त्यामुळे कर्त्याला तिथे जागा उरत नाही. तो क्रियापदाच्या लगेच मागे जातो. तिसऱ्या वाक्यात स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंना क्रियापदं शेजारी शेजारी येतात: रेखन्त, ब्लेइफ. लिहिताना ही खूण फार कामाची आहे. वाक्य 'आल्स' (तर), 'ऑमदात', 'तून' (जेव्हा) किंवा 'हूवेल' (जरी) अशा शब्दाने सुरू झालं असेल तर स्वल्पविरामाच्या अलीकडे-पलीकडे क्रियापदच दिसलं पाहिजे. ते दिसलं नाही तर वाक्य चुकलं.

इथेही मराठी मदतीला येते. आपण 'पाऊस पडला, तर मी...' म्हणतो. डचमध्ये या 'तर'साठी 'दान' आहे आणि हवा असेल तर तो घालता येतो: आल्स हेत रेखन्त, दान ब्लेइफ इक ताउस. सुरुवातीच्या काळात मी सगळ्यांना हा 'दान' घालायलाच सांगतो. 'दान' तोंडातून गेला की त्याच्या पाठोपाठ क्रियापद आणायची सवय लवकर लागते. पुढे 'दान' गळून पडला तरी क्रियापद जागेवर राहतं.

काही शब्द मात्र जागा अडवत नाहीत. 'एन' (आणि), 'मार' (पण), 'ऑफ' (किंवा) आणि 'वान्त' (कारण) हे दोन वाक्यं जोडतात आणि बाहेर उभे राहतात. त्यांच्यानंतर मोजणी नव्याने सुरू होते: मार इक खा नीत (पण मी जात नाही). 'या' (हो), 'ने' (नाही) किंवा हाक मारलेलं नावही असंच बाहेर राहतं: ने, इक कॉम नीत (नाही, मी येत नाही). 'दस' (म्हणून) दोन्हीकडे चालतो, 'दस इक खा' असंही आणि 'दस खा इक' असंही. दोन्ही बरोबर असल्यामुळे त्याची चिंता करू नका.

उलटापालटीत आणखी एक बारकावा आहे आणि तो लेखनात हमखास गुण घालवतो. 'तू' या अर्थाच्या 'येइ' किंवा 'य' बरोबर क्रियापदाला शेवटी 'त' लागतो: येइ वेर्क्त (तू काम करतोस). पण कर्ता क्रियापदाच्या मागे गेला की तो 'त' गळतो: मॉर्खन वेर्क येइ. 'हेइ' (तो), 'झेइ' (ती) आणि आदरार्थी 'यू' यांच्या बाबतीत मात्र 'त' कायम राहतो: मॉर्खन वेर्क्त हेइ.

'इक आल्तेइत द्रिंक' कुठून येतं

इंग्रजीत 'नेहमी', 'कधीकधी', 'बहुतेक' हे शब्द कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये घुसतात. डच मुख्य वाक्यात तिथे कोणालाही शिरकाव नाही. कर्ता पहिला असेल तर क्रियापद त्याला चिकटून येणार: इक द्रिंक आल्तेइत कॉफी. मराठी रचनेतून गेलात तर ही चूक व्हायचंच कारण उरत नाही. 'मी नेहमी कॉफी पिते' मधलं 'पिते' उचलून 'मी' च्या शेजारी ठेवा, झालं.

'वान्त' आणि 'ऑमदात' यांची गल्लत

दोन्हींचा अर्थ 'कारण', पण वागणूक वेगळी. 'वान्त' नंतर मुख्य वाक्य येतं, 'ऑमदात' नंतर गौण. मुलाला बरं नाही म्हणून शाळेत फोन करायचा असेल तर दोन्ही तऱ्हांनी सांगता येईल:

मेइन झोन ब्लेइफ्त फान्दाख ताउस, वान्त हेइ हेफ्त कोर्त्स.
मेइन झोन ब्लेइफ्त फान्दाख ताउस, ऑमदात हेइ कोर्त्स हेफ्त.

माझा मुलगा आज घरी राहील, कारण त्याला ताप आहे. शेवटचे दोन शब्द तेवढे बदलले.

अनेक जण यातून पळवाट काढतात आणि सगळीकडे 'वान्त' वापरतात. बोलताना निभावतं. पण 'वान्त' ने सुरू होणारा भाग वाक्याच्या आरंभी टाकता येत नाही. 'ऑमदात' चा येतो. शिवाय 'दात' (की), 'ऑफ' (की नाही या अर्थाने), 'हूवेल' (जरी) आणि 'तेर्वेइल' (दरम्यान) या सगळ्यांमागे क्रियापद शेवटीच जातं, तिथे कुठलीच पळवाट नाही. त्यामुळे 'ऑमदात' चाच सराव करा. मराठी 'त्याला ताप आहे' मध्ये 'आहे' शेवटी आहे, 'हेइ कोर्त्स हेफ्त' मध्ये 'हेफ्त' शेवटी.

'दात' ची गंमत अशी की मराठी 'की' बरोबर तो नेमका जुळतो. 'मी ऐकलंय की तो आजारी आहे' याचं डच 'इक हेप खहोर्त दात हेइ झीक इस' असं होतं. आपण 'की' नंतरचं वाक्य मुख्य क्रियापदाच्या पुढे टाकतो, तेही टाकतात, आणि त्या वाक्याचं क्रियापद दोघंही शेवटी ठेवतात. 'जो माणूस तिथे उभा आहे' सारख्या वाक्याचंही तेच: द मान दी दार स्तात.

अप्रत्यक्ष प्रश्नांत इंग्रजी फसवते. 'स्टेशन कुठे आहे, ठाऊक आहे का?' हे 'वेत यू वार हेत स्तास्यॉन इस?' असं होतं आणि योगायोगाने इंग्रजी क्रमही असाच आहे. त्यामुळे वाटतं की जमलं. मग 'तो आता कुठे राहतो ते मला माहीत नाही' हे सांगताना 'वार हेइ वोन्त न्यू' असं जातं. हवं असतं: इक वेत नीत वार हेइ न्यू वोन्त. 'आता' आधी, 'राहतो' शेवटी, जसं मराठीत.

क्रियापदाचे दोन तुकडे

'इक हेप खलेझन अन बूक' ही चूक आता सहज सुटेल. मराठी क्रमाने मांडा: मी काल एक पुस्तक वाचलं आहे. इक खिस्तरन अन बूक खलेझन हेप. यातलं कर्त्यानुसार बदलणारं क्रियापद फक्त 'हेप'. तेवढंच दुसऱ्या जागी जातं, 'खलेझन' शेवटी राहतं: इक हेप खिस्तरन अन बूक खलेझन. डच व्याकरणात या रचनेला पकडीचं नाव आहे. एक जबडा दुसऱ्या जागी, दुसरा शेवटी, मधलं सगळं त्यांच्यात धरलेलं. 'विल' (हवं असणं), 'कान' (शकणं), 'झाल' (भविष्यकाळ) यांचंही असंच: इक विल मॉर्खन ताउस वेर्कन (मला उद्या घरून काम करायचंय).

इंग्रजी भाषकांची यावर एक तक्रार असते की शेवट येईपर्यंत वाक्याचा अर्थ लागत नाही. आपल्याला वाक्य संपेपर्यंत क्रियापदाची वाट बघायची सवय जन्मापासून आहे. ऐकताना ती वापरा.

पकडीच्या आत काय कुठे बसतं हा प्रश्न पुस्तकांत पानंच्या पानं घेतो. 'मी काल एक पुस्तक वाचलं' आणि 'मी ते काल वाचलं' ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. नवी, अनोळखी वस्तू 'काल' च्या नंतर आली. आधी माहीत असलेलं 'ते' त्याच्या आधी सरकलं. डच नेमकं हेच करते: इक हेप खिस्तरन अन बूक खलेझन, पण इक हेप हेत खिस्तरन खलेझन. हा नियम शिकावा लागत नाही, मराठी कानावर विश्वास ठेवला की पुरतं. माझ्या मते डच शिकणाऱ्या मराठी माणसाच्या हातातलं हे सर्वांत मोठं धन आहे आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो.

तुटणारी क्रियापदं हा याच गोष्टीचा पुढचा भाग. 'ऑपहालन' म्हणजे जाऊन घेऊन येणं. मुलीला तीन वाजता शाळेतून आणते, हे सांगताना:

इक हाल मेइन दॉख्तर ऑम द्री यूर फान स्खोल ऑप.

इथे 'ऑप' विसरणं ही नेहमीची चूक. 'ऑमदात' लावून तेच वाक्य बघा: ऑमदात इक मेइन दॉख्तर ऑम द्री यूर फान स्खोल ऑपहाल. मूळ जागी क्रियापद अख्खं आहे. मुख्य वाक्यात 'हाल' पुढे गेलं आणि 'ऑप' मागे राहिलं. क्रियापद मुळात शेवटी असतं याचा याहून ठसठशीत पुरावा शोधायला नको. म्हणून अशी क्रियापदं पाठ करताना 'ऑमदात इक... ऑपहाल' अशा अख्ख्या रूपात पाठ करा. मग तुकडा विसरला जात नाही. भूतकाळात 'ख' मध्ये शिरतो, ऑपखहाल्त. 'त' असेल तर तोही मध्येच, ऑप त हालन.

कोणतं क्रियापद तुटतं आणि कोणतं नाही हे आघातावरून ओळखा. 'ऑप', 'मे', 'आउत', 'आन' यांवर जोर असेल तर तुटतं. 'बे', 'फेर', 'ऑन्त', 'हेर' हे उपसर्ग बिनजोराचे असतात आणि कधी सुटत नाहीत: इक फेरकोप मेइन फीत्स, मी माझी सायकल विकते. 'फोरकोमन' दोन्ही प्रकारे वागतं. जोर 'फोर' वर असेल तर घडणं, आढळणं, आणि ते तुटतं. जोर 'को' वर असेल तर टाळणं, होऊ न देणं, आणि ते अखंड राहतं.

'नीत' कुठे ठेवायचा

इथे मराठी तितकी थेट मदत करत नाही, कारण आपलं 'नाही' क्रियापदाच्याही मागे जातं. पण मूळ क्रम समोर ठेवला तर हेही सुटतं. गौण वाक्यात बघा: 'नीत' शेवटच्या क्रियापदाच्या आधी बसतो, आणि क्रियापदाला घट्ट बांधलेलं काही असेल तर त्याच्याही आधी.

ऑमदात इक हेत बूक नीत लेस. (पुस्तक वाचत नाही म्हणून)
ऑमदात इक नीत नार युत्रेख्त खा. (युत्रेख्तला जात नाही म्हणून)
ऑमदात हेइ नीत झीक इस. (तो आजारी नाही म्हणून)

जाण्याची दिशा, 'आजारी' सारखं विशेषण, तुटणारा तुकडा हे सगळे क्रियापदाचे सख्खे सोबती, म्हणून 'नीत' त्यांच्या आधी. ठरावीक, माहीत असलेलं कर्म तसं नाही. ते 'नीत' च्या अलीकडे राहतं. आता क्रियापद उचलून दुसऱ्या जागी ठेवा आणि 'नीत' ला हलवू नका: इक लेस हेत बूक नीत. इक खा नीत नार युत्रेख्त. इक बेल य नीत ऑप (मी तुला फोन करत नाही). अनिश्चित वस्तू असेल तर 'नीत' नकोच, 'खेन' हवा: इक हेप खेन आउतो (माझ्याकडे गाडी नाही).

जर्मन आधी शिकलेल्यांसाठी

पुण्यात मॅक्समुलर भवनात जर्मन शिकून इकडे आलेल्यांना वरचं बरंचसं ओळखीचं वाटेल. दुसऱ्या जागेचा नियम आणि गौण वाक्यातला शेवटचा क्रम दोन्ही भाषांत एकच आहे. फरक पडतो तो शेवटी दोन-तीन क्रियापदं जमतात तेव्हा. जर्मनमध्ये कर्त्यानुसार बदलणारं क्रियापद सहसा सगळ्यांत शेवटी जातं. डचमध्ये 'दात इक हेत बूक खलेझन हेप' आणि 'दात इक हेत बूक हेप खलेझन' हे दोन्ही चालतं. तिथले अभ्यासक या दोन क्रमांना हिरवा आणि लाल क्रम म्हणतात. पहिला, म्हणजे हिरवा, मराठी 'वाचलं आहे' सारखाच. पण 'शकणं', 'हवं असणं' यांच्याबरोबर साधं क्रियापद असेल तर लाल क्रमच धरा: दात हेइ नीत कान कोमन, तो येऊ शकत नाही हे. मराठी 'येऊ शकत' आणि जर्मन, दोन्ही इथे उलट्या दिशेने ओढतात, म्हणून ही जागा मुद्दाम घोटावी लागते. तीन क्रियापदं आली तर डच त्यांची रांग सरळ लावते, हेप कनन कोमन, आणि 'शकणं' चं भूतकाळी रूप न करता मूळ रूपच ठेवते.

सराव कसा करावा

इंग्रजी वाक्य बघून डच वाक्य बनवायचा सराव थांबवा, निदान काही आठवडे तरी. त्याऐवजी दिवसभरात मनात येणारं साधं मराठी वाक्य घ्या, त्याच्या सुरुवातीला 'ऑमदात' लावून ते डचमध्ये म्हणा, मग 'ऑमदात' काढून क्रियापद पुढे आणा. उलटा प्रवासही करा: ऐकलेलं डच वाक्य घेऊन त्याला 'ऑमदात' लावा. क्रियापद एका जागेहून दुसऱ्या जागी जाताना जिभेला कळलं पाहिजे.

परीक्षेसाठी तपासणीची सवय वेगळी लावा. 1 जानेवारी 2022 पासून लागू असलेल्या इनबुर्खरिंग कायद्यात, म्हणजे बाहेरून आलेल्यांनी डच समाजात सामावण्यासाठीच्या कायद्यात, मुख्य अपेक्षा बी1 या मधल्या भाषा-पातळीची आहे. एनटी2 (दुसरी भाषा म्हणून डच) राज्यपरीक्षेचा पहिला कार्यक्रम बी1 चा आणि दुसरा त्याच्या वरच्या बी2 चा. दोन्हीकडे लेखनात वेळ कमी असतो. प्रत्येक मुख्य वाक्यात कर्त्यानुसार बदललेलं क्रियापद अधोरेखित करा आणि त्याच्या आधी किती घटक आहेत ते मोजा. दोन निघाले तर तिथेच दुरुस्त करा. मग 'ऑमदात', 'दात', 'आल्स' शोधा आणि त्या त्या भागाचा शेवटचा शब्द क्रियापद आहे का बघा. वाक्याला जोडलेला, 'नार' (कडे), 'मेत' (बरोबर), 'ऑप' (वर) अशा शब्दाने सुरू होणारा गट कधीकधी क्रियापदाच्या पलीकडेही चालतो, त्यामुळे तसा दिसला तर लगेच खोडू नका. कर्म किंवा 'आता', 'उद्या' पलीकडे पडलं असेल तर मात्र आत घ्या.

बोलण्याबद्दल एक आग्रह आहे. चूक टाळायची म्हणून प्रत्येक वाक्य 'इक' ने सुरू करायचा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो पटत नाही. त्याने चूक दिसेनाशी होते, पण उलटापालट कधी तोंडात बसत नाही, आणि डच माणसं स्वतः तर 'फान्दाख', 'मॉर्खन', 'दान', 'दार' यांनीच कितीतरी वाक्यं सुरू करतात. उलट ठरवून त्याच शब्दांनी सुरुवात करा. दुकानदार किंवा शेजारी इंग्रजीकडे वळला तर 'माख इक नेदरलान्त्स ऊफनन?' म्हणजे 'डचचा सराव केला तर चालेल का?' असं सरळ विचारा. लोक बहुधा आनंदाने थांबतात आणि हळू बोलतात. मग 'फान्दाख' म्हणा, लगेच क्रियापद म्हणा, आणि कर्ता त्याच्या मागून येऊ द्या.